100 मीटरला वाघ, 1600ला दम संपतो?
भावा, पोलीस भरतीत 1600ला 20 मार्क आहेत आणि 100 मीटरला 15, त्यामुळे नुसत्या स्पीडवर भागणार नाही. तुझ्यासारखी जन्मजात स्पीडवाली पोरं पहिला राऊंड 65 सेकंदात मारतात आणि तिसऱ्यात पाय दगड होतात. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात काढायचं तर 400चा राऊंड साधारण 77 सेकंदाचा पडतो, तुला तो सुरुवातीला फारच स्लो वाटेल, वाटू दे.

रोज 10 किमी पळायच्या नादी लागू नकोस, ते लांब पल्ल्याच्या पोरांचं काम, तू केलंस तर स्पीडही जाईल आणि नडगीही धरेल. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास एकदम निवांत पळ, म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत (इथेच सगळे चुकतात, कोणी ओव्हरटेक केलं की लगेच इगो जागा होतो). एक दिवस 200 मीटरचे 8 रिपीट (म्हणजे तेच अंतर 8 वेळा), प्रत्येक 38-39 सेकंदात, मधे मिनिटभर जॉगिंग, आणि घड्याळ बघूनच, अंदाजाने नाही. जमलं की मग 400चे रिपीट घे. स्प्रिंटचा एक दिवस मात्र ठेवच. फास्ट मसल (स्प्रिंटला लागणारे झटपट स्नायू) जोर लावतात पण रिकव्हरीला वेळ घेतात, म्हणून दोन हार्ड दिवस लागोपाठ नको, मधे 48 तास जाऊ दे.