राजकीय कविता वाचताना आधी घाट (रचना) पाहा

राजकीय कवितेचे विश्लेषण करताना कवी कोणत्या बाजूचा आहे हे शोधण्याची घाई तुम्ही करू नये, असे मला मनापासून वाटते. आधी कविता मोठ्याने वाचावी आणि आवाज कुठे चढतो, कुठे अडतो, हे टिपून ठेवावे. उदाहरणार्थ, ‘मोठा अभंग’ या छंदात पहिले तीन चरण प्रत्येकी 6 अक्षरांचे आणि चौथा 4 अक्षरांचा असतो, तर यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत जुळते. समजा, ओळी अशा आहेत: ‘राज्य बदलले, खुर्ची नवी आली, झोपडी राहिली, होती तशी.’ ‘आली’ आणि ‘राहिली’ या यमकामुळे खुर्ची व झोपडी समोरासमोर उभ्या राहतात, आणि आखूड चौथ्या चरणावर आवाज एकाएकी खाली येतो. म्हणूनच येथे संतापापेक्षा थकवा अधिक जाणवतो, जरी तो शब्द कुठेही आलेला नाही. भक्तीसाठी रुळलेला छंद सत्तेविषयी बोलू लागला की जो ताण निर्माण होतो, त्याचीही नोंद घ्यावी. मुक्तछंदात ओळ कुठे तोडली आहे ते पाहावे. ‘कविता संतप्त आहे’ एवढे लिहून मात्र थांबू नये. भाव पुष्कळदा मध्येच पालटतो, आणि तो नेमक्या कोणत्या शब्दापाशी पालटला, ते बोट ठेवून दाखवावे.