साबुदाण्याचं झाड नेमकं कुठलं?

प्रश्न: नर्सरीतून 'सागो पाम' म्हणून कुंडीतलं झाड आणलंय. सासूबाई म्हणतात साबुदाणा याचाच होतो. खरंच का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: सासूबाईंना जरा बेताने सांगा, पण नाही. तुमच्याकडचं झाड बहुतेक सायकस रेव्होल्युटा, मूळ दक्षिण जपानकडचं, आणि गंमत म्हणजे ते पाम पण नाही. पाम हे फुलं येणारं झाड, नारळ-सुपारीच्या घरातलं. सायकसला फूल येतच नाही, नराला मधोमध कणसासारखा शंकू येतो आणि मादीला लोकरीसारख्या पानांच्या गोळ्यात केशरी बिया धरतात. त्याची कोवळी पानं बघा, बारीक पात्या नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात, नारळाच्या झावळीत असं कधी दिसणार नाही. खोडात पिष्ट असतं म्हणून हे नाव चिकटलं, पण सोबत विषही असतं. घरात कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, बी चघळली तर थेट लिव्हरवर जातं.

आणि आपल्या खिचडीतला साबुदाणा? तो कुठल्याच झाडाच्या खोडातला नाही, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कसावाच्या कंदाचं सत्त्व काढून त्याचे दाणे पाडतात. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे नाव सागोचं, माल कंदाचा, आणि उपवास आपला.

प्रश्न: नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या इंडोनेशियात आहे. इथे पूर्वेकडचे लोक 'सागू' झाडातून काढतात म्हणे. मग खरं सागोचं झाड हेच का? आणि फूल यायच्या आधीच तोडतात ते का? (एक वाचक, जकार्ता)

उत्तर: हो, खरा मानकरी हाच. मेट्रोझायलॉन सागू, न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांकडचा, गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढणारा. साबुदाणा या शब्दातला 'साबु' पण या सागूवरूनच आलाय.

तोडण्याचं कारण मला फार आवडतं. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. साधारण दहा-पंधरा वर्षं ते नुसतं साठवत राहतं, खोडाच्या आतल्या गाभ्यात पिष्ट भरत जातं, आणि मग शेंड्यावर एक प्रचंड फुलोरा काढून सगळी पुंजी त्यात ओततं. फळं धरेपर्यंत खोड जवळजवळ रिकामं. म्हणून तिथली जाणती माणसं शेंड्याकडे बघून, फुलोरा फुटायच्या बेतात असतानाच झाड पाडतात, खोड उभं चिरतात, गाभा कुटून त्याचा भुसा करतात आणि पाणी ओतून पिळतात, दुधाळ पाणी खाली बसलं की तळाशी पिष्ट. एका चांगल्या खोडातून दीड-दोनशे किलो, कधी त्याहून जास्त. लागवड मात्र परत करावी लागतेच असं नाही, केळीसारखी बुंध्याशी पिल्लं असतात, त्यातलं एक वर येतं.

काही झाडांना पानाच्या देठावर लांब काटे असतात, काहींना नाही. पूर्वी या दोन वेगळ्या जाती मानायचे, आता एकच मानतात. फळ हातात आलं तर नीट बघा, खवल्या मांजरासारखे खवले असतात, कारण हा पाम नारळापेक्षा वेताच्या जवळचा, वेताचं फळही तसंच. मेट्रोझायलॉनच्या सातेक जाती आहेत, फिजी, सामोआ, सॉलोमन बेटं, व्हानुआटू अशा पसरलेल्या, आणि बहुतेक सगळ्या एकदा फुलून मरणाऱ्या. एक अपवाद मायक्रोनेशियातल्या कॅरोलाइन बेटांवरची अमिकारम, ती वर्षानुवर्षं फुलत राहते आणि तिची बी इतकी टणक की त्याची बटणं करायचे.

तिकडे पापेडा मिळाला तर खाऊन बघा. गरम पाण्यात ढवळलेला सागू, खळीसारखा चिकट, दोन काड्यांवर गुंडाळून ताटात घेतात आणि पिवळ्या माशाच्या रश्शाबरोबर, न चावता गिळायचा. पण दुकानातले पांढरे मोती घेताना लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा आपला कसावाच निघतो.

प्रश्न: परसात भेरली माड आहे, लग्नाच्या मांडवाला त्याची पानं देतो. यंदा पहिल्यांदाच तुरा आला आणि शेजारी म्हणाले आता झाड मरणार. त्यातही सागो असतो का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: असतो. कॅरिओटा युरेन्स, आपल्या पश्चिम घाटातलाच, पानाची पाती माशाच्या फाटक्या शेपटीसारखी. याच्याही गाभ्यात पिष्ट असतं, आणि तुरा छेदून माडी काढतात ती वेगळीच. फळं मात्र सोलायला जाऊ नका, हातांची आग होते, 'युरेन्स' म्हणजे जाळणारा.

शेजारी खरं बोलले, पण घाईने. भेरली माडाचा पहिला तुरा शेंड्याजवळ येतो, पुढचा त्याच्या खाली, असं करत वर्षानुवर्षं फुलोरा खाली उतरत जातो आणि सगळ्यात खालचा पिकला की झाड संपतं. तुमचा यंदाच आलाय, म्हणजे अजून बरेच तुरे बाकी आहेत. मात्र याला बुंध्याशी पिल्लं येत नाहीत, तेव्हा खाली पडलेल्या बियांची रोपं उगवली की दोन-चार राखून ठेवा.