डाइव्हआधी कान मोकळे करायला शिका

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं) शिकायचंय. इथे नाशिकच्या तरणतलावात तळाशी गेलं की कान ठणकतो. जमेल का?

उत्तर : नक्की जमेल. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, पण कानाला खरा त्रास पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतो. म्हणून दुखायची वाट पाहू नका. तोंड मिटून, नाक चिमटीत धरून हलकेच फुंका, दर अर्ध्या मीटरला. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर या. जोर केलात तर कानाला इजा होते. सर्दी असेल तर उतरूच नका.

श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. पोहणाऱ्यांची श्वास रोखायची सवय मोडायला वेळ लागतो.

आणि नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे डाइव्हमध्ये अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. पाण्यातून निघून लगेच घाट चढू नका, रात्र किनाऱ्यावरच काढा.