मनी तुम्हाला विसरलेली नाही, पण तिला आंघोळ घालू नका

ताई, सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री फटाक्यांना घाबरून पळालेली तुमची मांजर मनी १७ दिवसांनी परत आली, दिवाणाखालून बाहेर येत नाही, बोका तिच्यावर गुरगुरतो, आणि "ती आम्हाला विसरली का?" असं तुम्ही विचारलंय. खाली सहज म्हणून "आज तिला अँटिसेप्टिक टाकून स्वच्छ आंघोळ घालते" असंही लिहिलंय. ते वाचूनच एवढं लांब लिहायला बसलो. अजून घातली नसेल तर कृपा करून घालू नका.

मांजरं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा वासावरून ओळखतात. एका घरातली मांजरं गाल घासून, एकमेकांना चाटून घराचा एक सामायिक वास तयार करतात. मनीच्या अंगावर आत्ता गटाराचा, परक्या बोक्यांचा, कुणाच्या तरी माळ्यावरच्या धुळीचा वास आहे, म्हणून तुमचा बोका बिथरलाय. पण त्याखाली तिचा स्वतःचा वास थोडा तरी शिल्लक आहे. आंघोळीने तोही जातो. मग बोक्यासाठी ती पूर्ण परकी. एकदा जोरात मारामारी झाली की "ही दिसली की भांडण" हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं आणि ते उतरवायला महिने जातात.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. सल्ला एका दवाखान्याचा होता, मांजर न बघता, फोनवर: "अँटिसेप्टिकच्या पाण्याने धुवा. लस झालीय ना? मग आणायची गरज नाही." एवढ्याशा सल्ल्यात तीन चुका. आंघोळीचं वर सांगितलंच. दुसरं, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं ते तपकिरी औषध आणि फरशीचं फिनेल मांजरासाठी विष आहे. असली रसायनं तिच्या यकृताला नीट निचरा करता येत नाहीत आणि अंग चाटून ती सगळी पोटातच जाणार. तिसरं, चावल्याच्या जखमा केसांखाली दिसतच नाहीत. दात सुईसारखा आत जातो, वरची कातडी मिटते, आत पू धरतो आणि तीन ते पाच दिवसांनी गाठ वर येते. शेपटीचं मूळ, गाल आणि पुढचे पाय रोज हलक्या हाताने चाचपा, निदान आठवडाभर. लस झालेली असली तरी चावा दिसला तर रेबीजचा बूस्टर लागतो. फोनवर उपचार सांगणाऱ्यांबद्दल आणखी बरंच बोलता येईल, पण राहू दे.

चिकटलेली घाण कोमट पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने तेवढीच पुसा. आपला सोलापुरी टॉवेल वापरू नका, त्याच्या फाशांत नख अडकतं आणि ती घाबरून ओरबाडते. अंगाला ऑइल किंवा डांबर असेल तर घरी काही न करता थेट डॉक्टरकडे न्या.

आता खोली. एकच छोटी खोली, दार बंद. पत्र्याची नको, फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडे पत्रा अकरा वाजताच तापतो. एका कोपऱ्यात आडवं खोकं, त्यात तुम्ही अंगावर घेतलेली, न धुतलेली सोलापुरी चादर. जाड सुती विणीत माणसाचा वास चांगला टिकतो. शी-शूसाठी मातीचा ट्रे खाण्यापासून निदान पाच-सहा फुटांवर. दिवाणाखालून ओढून काढू नका. जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून बघू नका, हळू आवाजात काहीतरी वाचत राहा, अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा. भेटायला येणाऱ्या शेजारणींना आठ दिवस उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावा.

खाण्यात लोक प्रेमापोटी घोळ घालतात. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला एकदम पोटभर घातलं तर रक्तातले क्षार झपाट्याने खाली येतात आणि ते दगावूही शकतं. तुम्ही म्हणता पाठीचा कणा हाताला लागतो, म्हणजे सांभाळूनच. तीन किलोच्या मांजराला पहिल्या दिवशी साधारण २५ ग्रॅम शिजवलेलं बोनलेस चिकन, पाच वेळा विभागून, म्हणजे दर वेळी चमचाभर. दुसऱ्या दिवशी ४० ते ५० ग्रॅम, मग तिचं नेहमीचं कोरडं खाणं मिसळत चार-पाच दिवसांत पूर्ण खाण्यावर. कांदा-लसूण, मीठ, मसाला काही नको. दूध तर नकोच, जुलाब लागतील. चिकन कोमट द्या, वास सुटला की नाक जागं होतं. तरीही २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर न थांबता डॉक्टरकडे न्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते.

बोक्याची गाठ पहिले तीन दिवस घालूच नका. स्वच्छ पायमोजा मनीच्या गालांवर फिरवा आणि बोक्याच्या ताटलीजवळ ठेवा. त्याच्या गालांवरचा दुसरा मोजा तिच्या खोक्यात. वास घेऊन फिस्कारणं थांबलं की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवा, आधी पाच फुटांवर, मग रोज वीतभर जवळ. मध्येच तासभर खोल्यांची अदलाबदल करा. दोघं दाराला चिकटून शांत खायला लागली की जाळीच्या दारातून दर्शन, शेवटी समोरासमोर पाच मिनिटं, तेही खाताना. कुणालाच उचलून धरू नका, पहिला ओरखडा तुम्हाला बसेल. जुंपलीच तर मध्ये हात न घालता उशी किंवा पुठ्ठा घाला, दोघांना एक-दोन दिवस वेगळं ठेवा आणि एक पायरी मागे या. दोन मांजरांना तीन ट्रे. सगळं धरून दोन-तीन आठवडे धरा. दुसऱ्याच दिवशी "आता होईल सवय" म्हणून दार उघडणाऱ्यांचं बरं झालेलं मी बघितलेलं नाही.

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांबाबत फक्त काय नको तेवढंच सांगतो. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉल अर्धीसुद्धा नको, मांजर मरतं. कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध नको, त्याने झटके येतात. डॉक्टरांना एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची चाचणी विचारा आणि ६० दिवसांनी पुन्हा करा, कारण ताजा संसर्ग लगेच दिसत नाही. नखं फाटलेली असतील तर गाडीचा धक्का समजून तपासून घ्या. नसबंदी झालेली नसेल तर तेही आधीच सांगा, ती गाभण असू शकते, आणि मांजराचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात.

घरात कुणाला तिचा दात किंवा नख लागलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. हळद, चुना काही लावू नका.

आणि पाणी काही दिवसांआड येतं म्हणून भरून ठेवलेली पिंपं झाका. घाबरलेलं मांजर उंचावर उडी मारतं, आत पडलं तर गुळगुळीत प्लॅस्टिकवर नखं लागत नाहीत. खिडकीला नायलॉनची मच्छरदाणी पुरत नाही, लोखंडी जाळी ठोका. गजांतून डोकं गेलं की मांजर गेलं.

आंघोळ घालून झाली असेल तर तसं लिहा, मग मोज्यांचं काम जरा वेगळ्या क्रमाने करावं लागेल.