टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये गिटची ब्रँच कशी दाखवायची? आणि सोबत आणखी काय दाखवणं कामाचं आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरताना एका वेळी चार-पाच ब्रँचवर, म्हणजे कामाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर, काम चालू असतं, कमिट (नोंदवलेले बदल) भलत्याच ब्रँचवर पडतात, म्हणून प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाईप करण्याआधी टर्मिनल दाखवतं त्या मजकुरात) ब्रँचचं नाव हवंय. एक तयार थीम टाकून पाहिलीत, तर दर एन्टरला टर्मिनल अडखळायला लागलं. दोन्हींवर इलाज आहे आणि त्यासाठी थीम लागत नाही. लागतं ते सगळं गिटसोबतच येतं.

गिटच्या सोर्समध्ये 'कॉन्ट्रिब' फोल्डरच्या आत 'कम्प्लीशन' फोल्डर आहे, त्यात 'गिट-प्रॉम्प्ट' नावाची शेल स्क्रिप्ट मिळेल. बॅश हे शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ती डॉट बॅशआरसी या त्याच्या सेटिंगच्या फाईलीतून सोर्स करा, म्हणजे वाचायला लावा. (विंडोजवरच्या गिट बॅशमध्ये ती आधीच चालू असते, तिथे ब्रँच पहिल्या दिवसापासून दिसते.) या स्क्रिप्टमध्ये एक फंक्शन आहे: आधी दोन अंडरस्कोर, मग गिट, एक अंडरस्कोर, मग पीएस१. ते डॉलर आणि कंसात घालून तुमच्या पीएस१ व्हेरिएबलमध्ये (प्रॉम्प्टचा मजकूर यातून ठरतो), फोल्डरच्या नावानंतर ठेवा. मूळ काम एवढंच, ब्रँचचं नाव कंसात दिसू लागेल.

आता जिथे बहुतेक जण अडकतात ती जागा. पीएस१ची ओळ एकेरी अवतरणातच लिहा. दुहेरीत लिहिलीत तर शेल ते फंक्शन तिथल्या तिथे, फाईल वाचतानाच एकदा चालवतं आणि आलेलं उत्तर कायमचं चिकटवून टाकतं. टर्मिनल रेपोच्या (गिट सांभाळतं त्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या) आत उघडलं असेल तर प्रॉम्प्टवर 'मेन' दिसतं, तुम्ही दुसऱ्या ब्रँचवर जाता, तरी 'मेन'च दिसत राहतं. काहीच न दाखवणारा प्रॉम्प्ट चालेल, पण खोटं दाखवणारा फार महागात पडतो, कारण आपण त्याच्यावर विश्वास ठेवून पुश करतो, म्हणजे काम सर्व्हरवर पाठवतो. बदल केल्यावर लगेच तपासा: ब्रँच बदला, प्रॉम्प्ट बदलला का बघा, रेपोच्या बाहेर या, कंस नाहीसा झाला का बघा.

रंग देणार असाल तर प्रत्येक रंगाच्या कोडभोवती बॅकस्लॅश आणि चौकटी कंसाची जोडी हवीच. ती नसेल तर बॅश रंगाचे कोडही अक्षरं म्हणून मोजतं, ओळीच्या लांबीचा हिशोब चुकतो, आणि वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की आधीच्या कमांडचे तुकडे स्क्रीनवर तसेच राहतात. हे दिसलं की लोक टर्मिनलला दोष देतात, पण चूक जवळजवळ नेहमी या कंसांचीच असते.

ब्रँचशिवाय आणखी काय दाखवायचं? ही स्क्रिप्ट बरंच काही दाखवू शकते, पण ते आपण मागावं लागतं. 'गिट पीएस१ शो डर्टी स्टेट' हे व्हेरिएबल (सगळी कॅपिटल अक्षरं, 'शो'च्या आधी आणि गिटनंतर अंडरस्कोर, 'शो डर्टी स्टेट' सलग) सेट केलं की स्टेज न केलेल्या (पुढच्या कमिटसाठी अजून ॲड न केलेल्या) बदलांसाठी * आणि स्टेज केलेल्यांसाठी + येतं. त्याच धर्तीचं स्टॅशसाठी (तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या बदलांसाठी) वेगळं व्हेरिएबल आहे, त्याचं चिन्ह $. ट्रॅक नसलेल्या (गिटमध्ये अजून ॲड न केलेल्या) फाईलींसाठी %. अपस्ट्रीमसाठीच्या (सर्व्हरवरच्या जोडीच्या ब्रँचसाठीच्या) व्हेरिएबलला 'ऑटो' ही किंमत दिली की मागे असाल तर <, पुढे असाल तर >, दोन्हीकडे फाटे फुटले असतील तर <> आणि बरोबरीत असाल तर = दिसतं. म्हणजे 'लॉगिन-दुरुस्ती' नावाच्या ब्रँचवर प्रॉम्प्ट असा दिसेल:

(लॉगिन-दुरुस्ती *+>)

यातलं = बघून निर्धास्त होऊ नका. प्रॉम्प्ट सर्व्हरला काही विचारत नाही. शेवटचा फेच केला (सर्व्हरवरची ताजी स्थिती आणली) तेव्हा सर्व्हरवर जे होतं, त्याच्याशी तो तुलना करतो. सकाळी फेच केलं असेल तर दुपारचं = हे सकाळचंच आहे.

माझ्या मते या सगळ्यात सर्वात मोलाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती काहीही सेट न करता मिळते: अर्धवट राहिलेलं काम. रीबेस (आपले कमिट नव्या पायावर एकेक करून पुन्हा लावणं) मध्येच थांबला असेल तर कंसात ब्रँचच्या नावापुढे उभी रेघ आणि रीबेस असं येतं, पाचपैकी दुसऱ्या पायरीवर असाल तर २/५ हेही. मर्ज, चेरी-पिक, रिव्हर्ट, बायसेक्ट यांचंही तसंच.

याची किंमत मला एका रीबेसने शिकवली. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागचे न जुळणारे बदल) आला, मी फाईल नीट केली, ॲड केली, आणि तेवढ्यात दुसऱ्या कामासाठी उठावं लागलं. तासाभराने परत आलो तेव्हा रीबेस चालू आहे हे डोक्यातून गेलं होतं. स्टेज केलेला बदल दिसला, आणि सवयीने 'कमिट अमेंड' केलं, म्हणजे तो बदल शेवटच्या कमिटमध्येच घातला. पण कॉन्फ्लिक्टपाशी थांबलेल्या रीबेसमध्ये हेड (आपण सध्या कुठल्या कमिटवर आहोत त्याची खूण) असतं ते आधीच्या, लागून झालेल्या कमिटवर. त्यामुळे दोन स्वतंत्र कमिट एकमेकांत मिसळले, आणि वरच्याला खालच्याचा संदेश चिकटला. रीफ्लॉगमधून (हेड कुठे कुठे होतं याची गिटची नोंद) सगळं परत मिळालं, पण कुठे काय गेलं हे शोधण्यात संध्याकाळ गेली. तेव्हा माझ्या प्रॉम्प्टवर फक्त ब्रँचचं नाव दाखवणारी माझी स्वतःची एक ओळ होती. तीत 'गिट ब्रँच'ला 'शो-करंट' हा पर्याय दिला होता, जो २०१९ मध्ये गिट २.२२ सोबत आला. हा पर्याय डिटॅच्ड हेडवर (हेड कुठल्याच ब्रँचवर नसताना) काहीच छापत नाही, आणि रीबेस चालू असताना हेड डिटॅच्डच असतं. नेमक्या गरजेच्या वेळी प्रॉम्प्ट रिकामा होता आणि मला ते खटकलंही नाही. म्हणून घरची ओळ लिहू नका, गिटची स्क्रिप्टच वापरा. डिटॅच्ड हेड असेल तर ती कंसात आणखी एक कंस घालून कमिटचा छोटा हॅश (ओळखक्रमांक) किंवा टॅगवरून काढलेलं नाव दाखवते. असा दुहेरी कंस दिसला की नवे कमिट करण्याआधी ब्रँच काढा.

आता हळूपणाबद्दल. ब्रँचचं नाव काढायला जवळजवळ वेळ लागत नाही, ते एका छोट्या फाईलीत लिहिलेलं असतं. वेळ खातात ते * आणि %, त्यातही % जास्त, कारण त्यासाठी संपूर्ण फोल्डर पालथं घालावं लागतं, आणि तेही प्रत्येक एन्टरला. अंदाजाने काही बंद करू नका, आधी मोजा: फंक्शनच्या नावाआधी 'टाईम' लिहून रेपोत चालवा. मग एकेक व्हेरिएबल काढून पुन्हा मोजा. फक्त एकाच मोठ्या रेपोचा त्रास असेल तर तेवढ्यापुरतं बंद करता येतं: त्या रेपोच्या गिट कॉन्फिगमध्ये 'बॅश' विभागाखाली 'शो अनट्रॅक्ड फाईल्स' आणि गरज पडली तर 'शो डर्टी स्टेट' यांना फॉल्स द्या. बाकी रेपोंमध्ये चिन्हं तशीच राहतील. विंडोज किंवा मॅकओएसवर असाल तर गिट २.३७ पासून आलेला अंगभूत 'एफएसमॉनिटर' (फाईलींतले बदल टिपत राहणारी सोय) चालू करून बघा, त्याने स्टेटसच वेगाने येतो, त्यामुळे प्रॉम्प्टबाहेरही फायदा होतो. मी स्वतः % कायमचं बंद ठेवलंय. नवी फाईल ॲड करायची राहिली का, हे मी कमिटआधी 'गिट स्टेटस'मध्ये बघतोच.

झीशेल या दुसऱ्या शेलवर असाल तर हीच स्क्रिप्ट चालते, फक्त 'प्रॉम्प्ट सब्स्ट' हा पर्याय 'सेटऑप्ट'ने चालू करावा लागतो, नाहीतर फंक्शनचं नाव जसंच्या तसं छापलं जातं. झीशेलची स्वतःची 'व्हीसीएस इन्फो' नावाची सोयही आहे, ती मर्क्युरियल आणि सबव्हर्जन ही गिटसारखी साधनंही ओळखते. तुमचे जुने प्रकल्प सबव्हर्जनवर असतील तर ती घ्या. नुसतं गिट असेल तर नको.

एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. प्रॉम्प्टमध्ये गिट आलं की तुम्ही ज्या फोल्डरमध्ये शिराल तिथे गिट आपोआप चालतं, आणि तिथल्या कॉन्फिगमध्ये चालवायच्या कमांड लिहिलेल्या असू शकतात. अनेक जण वापरतात अशा मशीनवर वरच्या फोल्डरात दुसऱ्याने डॉट गिट ठेवला असेल, तर नुसतं 'सीडी' करूनही त्याची कमांड तुमच्या नावावर चालू शकत होती. एप्रिल २०२२ मध्ये गिट २.३५.२ ने हे बंद केलं: दुसऱ्याच्या मालकीचा रेपो असेल तर 'सेफ डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये नोंद केल्याशिवाय गिट तो वाचत नाही. तुमचं गिट याहून जुनं असेल तर प्रॉम्प्टला हात लावण्याआधी ते अपडेट करा.

शेवटचा बदल दिसायला किरकोळ आहे, पण मी तो कधीच काढणार नाही: पीएस१च्या शेवटी, डॉलरच्या आधी, बॅकस्लॅश आणि एन टाकून नवी ओळ द्या. फोल्डर आणि ब्रँच वरच्या ओळीत, कमांड खालच्या. ब्रँचचं नाव कितीही लांब असलं तरी टाईप करायला पूर्ण ओळ मोकळी मिळते.