शास्त्रज्ञाने यात पडावं का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. गावाजवळच्या कारखान्याचं पाणी ओढ्यात येतं, त्यावर ग्रामसभेत बोलायला गावकऱ्यांनी त्याला बोलावलंय. हे म्हणतात, शास्त्रज्ञाने राजकारणात पडू नये. मुलगा ऐकत नाही. काय करावं?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, जाऊ द्या त्याला. पण रिकाम्या हाताने नको. 'पुण्याचा शिकलेला पोरगा म्हणतोय' एवढ्याच भांडवलावर उभा राहिला, तर कारखान्याचा वकील त्याला दोन मिनिटांत गप्प करेल. आणि करायलाच हवा!

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना ज्योतिष पटत नव्हतं. नुसते लेख लिहूनही भागलं असतं. पण 2008मध्ये सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत त्यांनी 200 मुलांच्या कुंडल्या जमवल्या. त्यांतली 100 मुलं हुशार, 100 मतिमंद. कोणती कुंडली कुणाची, हे झाकून ठेवलं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी जुळली असती. यातले घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, हे मला विशेष आवडतं.

ओढ्याचंही असंच, सगळ्यांना पडताळता येईल असं तपासायला हवं. मी निवृत्त होईपर्यंत पाणीच तपासत आले, म्हणून मुलासाठी थोडं सविस्तर सांगते. नमुने तीन ठिकाणचे घे : नाला मिळतो त्याच्या वरचा, खुद्द नाल्याचा आणि खालचा. एकदा रात्रीही घे, बरंचसं पाणी तेव्हाच सोडतात. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली काठोकाठ भर, बुडबुडा राहिला की आकडा गेला. ऑक्सिजन बांधून ठेवणारं मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तिथेच काठावर घालायचं, लॅबमध्ये पोचल्यावर नव्हे. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते, 27 अंशांना तीन दिवस ठेवून मोजायचं. आणि बीओडीची लिटरला 30 मिलिग्रॅमची मर्यादा नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याला आहे, ओढ्याच्या पाण्याला नाही. ही गल्लत भलेभले करतात.

एवढं करूनही त्याचे नमुने कोर्टात टिकणार नाहीत. 1974च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण मंडळाच्या माणसाने कारखान्याला रीतसर नोटीस देऊन घेतलेला नमुनाच पुरावा म्हणून चालतो. मग मुलाच्या आकड्यांचा उपयोग काय? मंडळाने येऊन नमुने घ्यावेत, असा ठराव ग्रामसभेला त्यांच्या जोरावर करता येईल.

त्याच्या वडिलांची धास्ती मात्र अगदीच पोकळ नाही, फेलोशिप शेवटी दुसऱ्याच्या हातात असते. गाइडना आधी सांगून ठेवावं, संस्थेचं लेटरहेड वापरू नये, गावचा रहिवासी म्हणून बोलावं. जे मोजलं नाही त्यावर, म्हणजे कुणाची म्हैस कशाने मेली वगैरे, तोंड उघडू नये. लोक आग्रह करतीलच.

आणि सरपंचांना सांगून कारखान्याच्या माणसालाही सभेला बोलवा. आकडे त्याच्या समोरच वाचले जाऊ देत.