पाच मालक पाहिलेला फ्लॅट घेताना

प्रश्न : आम्हाला पसंत पडलेल्या फ्लॅटला सोळा वर्षांत पाच मालक झाले आहेत. 'जागेला मागणी आहे म्हणून हात बदलले,' असे दलाल सांगतो. घरात काही खोट असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मालक किती झाले यापेक्षा कोण किती काळ राहिला आणि का गेला, हे अधिक महत्त्वाचे आहे. पहिले एक-दोन व्यवहार बांधकाम चालू असताना किंवा ताबा मिळताच झाले असतील, तर ते बहुधा गुंतवणूकदारांचे असतात आणि त्यांची फारशी चिंता करू नये. राहायला आलेली कुटुंबे मात्र लागोपाठ दीड-दोन वर्षांत घर विकून गेली असतील, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा क्रम दलालावर विसंबून न राहता पाहता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'सूची क्रमांक दोन', म्हणजे इंडेक्स टू, शोधल्यास व्यवहाराची तारीख, दोन्ही पक्षांची नावे आणि ठरलेला मोबदला समजतो. त्याच इमारतीतील इतर फ्लॅटच्या तुलनेत हाच फ्लॅट दर वेळी स्वस्तात गेला असेल, तर ती खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या आणि शेजारच्या कुटुंबाला अवश्य भेटावे. गच्चीची किंवा स्नानगृहाची गळती, पार्किंगचा जुना वाद, रखडलेला पुनर्विकास, ही कारणे कोणत्याही दस्तात लिहिलेली नसतात, पण सोसायटीच्या सचिवांना आणि वर्षानुवर्षे तिथे येणाऱ्या प्लंबरला ती ठाऊक असतात. शक्य झाल्यास घर भर पावसाळ्यात एकदा पाहावे; नुकताच रंग दिलेले छत उन्हाळ्यात काहीच सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर त्याने तो सांगणे बंधनकारक आहे. म्हणून गळती, वाद आणि थकबाकी यांविषयी लेखी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे करारनाम्यात विक्रेत्याचे कथन म्हणून घालून घ्यावीत. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणे फार जड जाते.

प्रश्न : आम्ही घेत असलेल्या फ्लॅटच्या आजवरच्या करारनाम्यांच्या साखळीतील दुसऱ्या करारनाम्याची फक्त झेरॉक्स आहे. तिसरे मालक वारले आणि त्यांच्या मुलाने नामनिर्देशित म्हणून फ्लॅट विकला. दलालाच्या मते सध्याच्या मालकाच्या नावाचा भाग दाखला पुरेसा आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पुरेसा नाही. भाग दाखला सोसायटीचे सभासदत्व दाखवतो. मालकी सिद्ध होते ती बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतच्या नोंदणीकृत दस्तांच्या अखंड साखळीने.

आधी हरवलेल्या दस्ताविषयी. तो नोंदवलेला असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते, आणि पोलिसांकडील गहाळ नोंद, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस व विक्रेत्याचे हमीपत्र यांवर बरेच वकील समाधान मानतात. परंतु मूळ दस्त खरोखर हरवला आहे की एखाद्या बँकेच्या तिजोरीत आहे, हा प्रश्न आधी सोडवावा, कारण मूळ कागद सावकाराकडे ठेवूनही घर गहाण पडते. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकांकडे दाखल करणे २०१३ पासून आवश्यक झाले; त्याआधीचे कर्ज शोध अहवालात, म्हणजे निबंधकांकडील नोंदी तपासून वकील देतो त्या अहवालात, दिसेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या मालकाने कर्ज घेतले असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र मागावे आणि सेरसाई या केंद्रीय गहाण नोंदवहीतही शोध घ्यावा.

मुलाने केलेली विक्री हा त्याहून मोठा दोष असू शकतो. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनेही नामनिर्देशित व्यक्तीला वारस निश्चित होईपर्यंत केवळ तात्पुरता सभासद मानले आहे. मृत मालकाची पत्नी व मुली यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले होते का, किंवा मृत्युपत्र होते का, ते तपासावे. यांपैकी काहीच नसेल, तर त्या वारसांना तुमच्या करारात मान्यता देणारे पक्ष म्हणून सह्या करायला लावावे. विक्रेता याला तयार नसेल, तर मी हा फ्लॅट सोडून द्यायला सांगेन. साखळीत कुठे केवळ कुलमुखत्यारपत्रावर 'विक्री' झाली असेल, तरीही सावध व्हावे; अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्न : दलाल मालकाची भेट घडवत नाही आणि टोकन म्हणून दोन लाख रुपये रोख मागतो. 'मी महारेराकडे नोंदणीकृत आहे, चिंता नको,' असे म्हणतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी खरी आहे का, हे क्रमांकावरून पाहता येते. मात्र २०१६ च्या रेरा कायद्याने दलालाला नोंदणीची सक्ती केली आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी. जुन्या सोसायटीतील पुनर्विक्रीत तो क्रमांक तुम्हाला फारसे संरक्षण देत नाही, आणि मालकी सदोष निघाल्यास दलाल क्वचितच भरपाई देतो. बहुतेक वेळा तो दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. त्यात बेकायदा काही नाही, पण तुम्ही त्याला आपला सल्लागार समजू नये. दलाली किती, कोणत्या टप्प्यावर आणि व्यवहार फिसकटल्यास काय, हे आधी लिहून घ्यावे.

टोकन दलालाच्या हाती देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. रक्कम मालकाच्याच बँक खात्यात भरावी आणि विसार पावतीवर 'कागदपत्रे समाधानकारक न आढळल्यास पूर्ण परत' ही अट घालावी. मालकाला न भेटता एक रुपयाही देऊ नये.

प्रश्न : सोसायटी हस्तांतरणासाठी एक लाख रुपये मागते. आधीच्या मालकांनी दिले, असे सांगतात. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. देणगीच्या नावाखालीही त्याहून अधिक सक्तीने घेता येत नाही. लेखी मागणी करायला सांगावे. पुष्कळदा विषय तिथेच संपतो. न संपल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.